नवेगांव बांधचा कोलासुर : एका स्थलवृत्ताची परीक्षा

गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी मोरगांव तालुक्यांत नवेगांव बांध नांवाचें गांव असून त्या गांवाला लागून त्याच नांवाचा विस्तीर्ण तलाव आहे. हा तलाव कोलू पाटील कोहळी यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधिला. पुढें त्याला देवत्व येऊन तो कोलासुर देव झाला. त्याचें ठाणें तलावाभोंवतालच्या एका टेकडीवर आहे. या टेकड्यांस सात बहिणी म्हणतात आणि तलाव बांधण्याच्या कामीं या बहिणींनीं त्याला साह्य केलें, असें वृत्त रसेल यांच्या संपादकत्वाखालीं १९०८ सालीं निघालेल्या भंडारा जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरांत आलें आहे. भंडारा जिल्ह्याची फाळणी होऊन १ मे १९९९ पासून गोंदिया हा निराळा जिल्हा झाला. पण नवेगांवाविषयीं नंतर छापलेल्या मजकुराचा मोठा भाग पाहतां त्याच चार ओळींची उजळणी आढळते. कोणी त्यांत पक्ष्यांचीं नांवें घालतो, कोणी वाघांची संख्या. मूळ ओळी मात्र जशाच्या तशा. ज्या चार ओळींवर एका मोठ्या लोकोपयोगी कामाच्या कर्त्याचें श्रेय अवलंबून आहे, त्यांची एकदां कसोशीनें परीक्षा व्हावी, एवढ्यासाठीं हा लेख आहे.

आधीं स्थळ पाहूं. तलाव म्हणतांच देशावरील वाचकाच्या डोळ्यांपुढें चौफेर पायऱ्यांचें, खोदून काढलेलें तळें येतें. नवेगांवचें पाणी तसें नाहीं. टेकड्यांच्या सोंडा जेथें एकमेकींच्या जवळ येतात तेथील खिंड मातीच्या पाळीनें अडविली आणि मागें सांचलेलें पाणी डोंगरांच्या बेचक्यांतून वाट मिळेल तसें पसरलें, अशी ही रचना आहे. पाळीवर उभें राहिलें असतां सगळा तलाव एका दृष्टींत येत नाहीं. एका टेकडीआड पाणी संपलें असें वाटावें, तों पलीकडे तें पुन्हा दिसतें. ज्यांनीं भंडारा जिल्ह्यांतील हीं तळीं एकोणिसाव्या शतकांत पाहिलीं त्या इंग्रज लेखकांनाहि याच गोष्टीचें नवल वाटलें होतें. बांधीव काठ, झाडांची रांग, घाट यांपैकीं कांहीं नाहीं, डोंगरच काठाचें काम करितो, अशा अर्थाचें वर्णन ग्रँट यांच्या १८७० च्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरापासून पुढें वारंवार आलेलें आहे.

गॅझेटियरवाल्यांनीं तलावाचें क्षेत्र पांच चौरस मैल व परिघ सतरा मैल दिला आहे. हे दोन आंकडे शेजारीं शेजारीं छापून गेलीं शंभर वर्षें लोक पुढें चालले आहेत. त्यांचा एकमेकांशीं मेळ बसतो कीं नाहीं हें मात्र पाहिलें जात नाहीं. शाळेंतील भूमितीचा मुलगाहि सांगेल कीं सतरा मैल परिघाचें वर्तुळ काढिलें तर त्याचें क्षेत्र सुमारें तेवीस चौरस मैल भरतें; आणि पांच चौरस मैलांच्या वर्तुळाचा परिघ आठ मैलांहून कांहींसा कमीच येतो. तेव्हां एक तर एखादा आंकडा चुकीचा, नाहीं तर काठ अतिशय नागमोडी. पाळीवर जाऊन पाहणाऱ्यास दुसराच पक्ष पटतो. काठ गोल तळ्याच्या दुप्पट लांब होण्याइतका वळणावळणाचा आहे, व सतरा मैलांचा आंकडा हा त्या बेचक्यांचा हिशेब आहे. क्षेत्राच्या आंकड्याचें मात्र तसें नाहीं. हल्लींच्या माहितीपत्रकांत सुमारें ११ चौरस किलोमीटर क्षेत्र देतात, आणि पांच चौरस मैल म्हणजे जवळ जवळ १३ किलोमीटर होतात. यावरून तलाव गाळानें आटला असा निष्कर्ष काढण्यास कोणी धांवूं नये. धानाला पाणी देणाऱ्या तलावाचा विस्तार भाद्रपदांत एक व वैशाखांत दुसराच असतो. महिना न सांगतां दिलेला क्षेत्राचा आंकडा तुलनेच्या कामीं निरुपयोगी होय.

या भागांतील तळ्यांची परिभाषा संग्राहकांनीं टिपून ठेवावी अशी आहे. बांधास पाळ, पाणी सोडण्याच्या दारास तुडुम, जास्तीचें पाणी वाहून जाण्याच्या वाटेस सलंग, लहान तळ्यास बोडी, धानाच्या खाचरास बांधी, आणि शेतोशेतीं पाणी वांटून देणाऱ्या माणसास पाणकर. जुन्या कागदांत हे शब्द आले असतां पुण्याकडील वाचकास ते अशुद्ध किंवा लेखकाच्या हातून घडलेले प्रमाद वाटतात, आणि दुरुस्त करून छापण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. 'तुडुम' चें 'तुडुंब' करणारा संपादक एका क्षणांत तलावाचें दारच बुजवून टाकितो.

आतां नांवांकडे वळूं. कारण खरा घोटाळा तेथेंच आहे.

रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातीजमातींवरील चार खंडांच्या ग्रंथांत (हा ग्रंथ १९१६ सालीं निघाला, त्यापूर्वींच, १९१५ च्या डिसेंबरांत, पाणबुडीनें उडविलेल्या जहाजाबरोबर रसेल समुद्रांत गेले) कोहळी जातीवर एक प्रकरण आहे. वैनगंगेच्या खोऱ्यांतील मोठमोठीं तळीं बांधणारी, धान व ऊंस पिकविणारी जात म्हणून त्यांत तिचा गौरव केला आहे, व १९११ च्या खानेसुमारींत तिची संख्या सुमारें सव्वीस हजार दिली आहे. उत्पत्तीविषयीं तीन मतें तेथें मांडलीं आहेत. पहिलें, उत्तर हिंदुस्थानांतील कोइरी या बागाईतदार जातीशीं नांवाचें साम्य असल्यामुळें, व चांद्याच्या एका गोंड राजानें काशीहून आपल्याला आणिलें अशी या लोकांची दंतकथा असल्यामुळें, हे उत्तरेकडचे असावेत. दुसरें, चांद्याचे सेटलमेंट ऑफिसर लूसी स्मिथ यांना हे लोक दक्षिणेकडून आल्याचें कळलें होतें. मग कदाचित् मुंबईकडील कोळ्यांची ही शाखा असेल. तिसरें, भाषा, चालीरीति व कुळांचीं नांवें यांवरून हे अस्सल मराठे, कुणब्यांना अगदीं जवळचे. ग्रंथकारांचा कल तिसऱ्या मताकडे आहे, व तो बरोबर आहे. पण पहिल्या दोन मतांचा निकाल त्यांनीं ज्या साधनानें लावावयास हवा होता तें साधन रोमन लिपींत नव्हतें.

रोमन लिपींत ल आणि ळ यांस एकच अक्षर आहे. त्यामुळें कोहळी, कोळी, कोलू आणि कोलासुर हीं चारहि नांवें इंग्रजी पानावर एकाच माळेचे मणी दिसतात. मराठींत लिहूं लागतांच माळ तुटते. कोहळी व कोळी यांत ळ आहे; कोलू व कोलासुर यांत ल आहे. हा भेद केवळ लेखनाचा नव्हे. संस्कृतांतील दोन स्वरांमधील एकेरी ल मराठींत सामान्यतः ळ होतो (फल, फळ, काल, काळ), आणि प्राकृतांतील जोड ल्ल मराठींत ल राहतो. म्हणजे दोघांच्या मागें दोन निराळीं उगमस्थानें असण्याचा संभव बलवत्तर आहे.

त्यांत झाडीबोलीची आणखी भर. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या झाडीपट्टींतील बोलींत ळ चा उच्चार र होतो. डोळा हा डोरा होतो. त्या न्यायानें कोहळी हा शब्द तेथील माणसाच्या तोंडीं कोहरी असा येतो. आतां कोइरी आणि कोहरी यांचें साम्य पहा! ज्या साम्यावर काशीकडील उत्पत्तीचा अर्धा डोलारा उभा आहे, त्यांतील र हा मूळचा नसून ळ च्या जागीं आलेला आहे. बोलीचा एक नित्याचा उच्चार कानीं पडला, व त्यावरून शेंकडों कोसांवरील जातीशीं सोयरीक जुळविली गेली. राहिली काशीची दंतकथा. आपल्या पूर्वजांस काशीहून, अयोध्येहून किंवा माळव्याहून आणण्याची हौस महाराष्ट्रांतील किती कुळांना नाहीं? ती कथा त्या जातीची प्रतिष्ठेविषयींची कल्पना सांगते. प्रवासाचा पुरावा म्हणून तिचें मोल थोडें.

येथें आमच्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्यांना एक व्युत्पत्ति फार भुरळ घालील, म्हणून तिचा आधींच समाचार घेतों. संस्कृतांत कुल्या म्हणजे पाट, कालवा. पाटबंधारे बांधणारी जात ती कोहळी. मग कुल्येपासून कोहळी कां नव्हे? अर्थ इतका जुळतो कीं पुरावा मागण्याची शुद्ध राहत नाहीं. पण कुल्येंतील ल्य चें प्राकृतांत ल्ल होणार व मराठींत ल राहणार. ळ येणार नाहीं, आणि मधला ह कोठून आला हेंहि सांगतां येत नाहीं. अर्थ गोड लागला म्हणून ध्वनीचे नियम शिथिल करावयाचे असतील तर मग कोहळ्याच्या वेलापासूनहि ही जात काढतां येईल. कोळ्यांच्या पक्षालाहि हाच ह आडवा येतो. ह गळून पडल्याचीं उदाहरणें बोलींत हवीं तितकीं मिळतात. नसलेला ह मध्यें येऊन बसल्याचें उदाहरण शोधावें लागतें.

या ल आणि ळ च्या भेदाचा दुसरा उपयोग याहून महत्त्वाचा आहे. आधुनिक पद्धतीच्या संशयी अभ्यासकास कोलू पाटील हा पुरुषच खरा वाटणार नाहीं. कोहळी जात, तिचा मूळ पुरुष कोलू, त्याचा देव कोलासुर : जातीच्या नांवावरून पुरुष कल्पिला आणि पुरुषावरून देव, असें तो म्हणेल. आक्षेप हलका नाहीं. अशा कल्पित मूळपुरुषांनीं आमचीं जातिपुराणें भरलेलीं आहेत. परंतु कोहळी या शब्दावरून झाडींतील माणसानें पुरुषाचें नांव बनविलें असतें तर तें कोहरू किंवा कोहळू असें कांहीं झालें असतें. ळ चा र करणारी जीभ ळ चा ल करून कोलू बनवील हें संभवत नाहीं. दुसरें असें कीं कल्पित मूळपुरुष सगळ्या जातीचा बाप असतो. कोलू तसा नाहीं. परंपरा त्याला जातीचा आदिपुरुष म्हणत नाहीं, काशीहून आलेल्या टोळीचा नायक म्हणत नाहीं. एका गांवचा एक तलाव त्यानें बांधला, एवढेंच म्हणते. दंतकथेला ज्याला मोठें करावयाचें असतें त्याला ती इतक्या थोडक्यांत सोडीत नाहीं. आमच्या मतें कोलू पाटील हा खराच माणूस होता.

मग त्याला असुर कां म्हणावें? हा प्रश्न गॅझेटियरकारास पडला नाहीं, कारण त्याच्या कानाला त्यांत विसंगति जाणवण्याचें कारण नव्हतें. आपल्या माणसास ती तत्काळ जाणवते. ज्यानें गांवाला पाणी दिलें त्याला देवपदीं बसवितांना कोणी राक्षसाचें नांव देईल काय?

करवीरमाहात्म्यांत कोल्हासुराची कथा आहे : महालक्ष्मीनें त्याला मारिलें व त्यावरून कोल्हापूर नांव पडलें. गयेचा गयासुर, लोणारचा लवणासुर हे त्याच जातीचे. या सर्व ठिकाणीं रीत एकच दिसते. स्थळाचें नांव आधीं असतें. माहात्म्यकार त्या नांवाला असुर जोडतो, देवाकडून त्याला मारवितो, आणि त्याच्या मरणानें क्षेत्राला पावित्र्य आणतो. नवेगांवीं यांतील एकहि अंग नाहीं. स्थळाचें नांव असुरावरून नाहीं. नवेगांव म्हणजे नवें गांव, शेजारच्या जुन्या वस्त्यांहून मागाहून बसलेलें, एवढाच त्याचा अर्थ. असुराला मारणारा देव नाहीं. उलट असुरच पूजा घेतो. तेव्हां कोल्हापूरच्या कोल्हासुराशीं सांगड घालून नवेगांवास पौराणिक क्षेत्र बनविण्याचा खटाटोप कोणीं करूं नये.

एक तोडगा असा सुचतो कीं येथील पद असुर नसून शूर आहे. झाडीबोलींत श चा स होतो, म्हणून शूराचा सूर झाला व कोलू-शूराचा कोलासूर. ध्वनीच्या दृष्टीनें यांत अडचण थोडी. अडचण आहे ती अर्थाची. शूर ही लढाईंत पडलेल्याची, वीरगळावर कोरलेल्याची पदवी. ती पाळ बांधणाऱ्या शेतकऱ्यास लागल्याचें एकहि उदाहरण पुढें आल्याखेरीज हा तोडगा आम्ही स्वीकारूं शकत नाहीं.

उत्तर टेकड्यांच्या नांवांत आहे असें आम्हांस वाटतें. सात बहिणी म्हणजे कोण? पाण्याच्या कांठीं सात स्त्रीदेवता असणें ही महाराष्ट्रभर पसरलेली समजूत आहे. विहिरीवर, डोहावर, नदीच्या वळणावर सात खडे शेंदूर लावून मांडलेले असतात, त्यांना साती आसरा म्हणतात; आसरा हा शब्द अप्सरस् वरून आला हें सर्वमान्य आहे. सप्तमातृकांच्या शिल्पपट्टांशीं त्यांचें नातें जोडण्यांत येतें. तें कितपत खरें हा प्रश्न येथें अप्रस्तुत आहे. प्रस्तुत गोष्ट ही कीं या सात जणी बहुधा एकट्या नसतात. त्यांच्या सोबतीला एक पुरुषदैवत असतें, आणि पुष्कळ ठिकाणीं तें म्हसोबा असतें. म्हसोबा म्हणजे महिषासुर. पुराणांत देवीनें मारलेला, आणि गांवाच्या शिवेवर शेंदूर लावून पुजलेला! लोकांच्या दैवतांत असुर हें पद शिवी नाहीं. राखणदाराचें पद आहे.

या दृष्टीनें नवेगांवची चार ओळींची कथा पुन्हा वाचावी. पाणी आहे, पाण्याभोंवतीं सात बहिणी आहेत, त्यांच्यापैकींच एका टेकडीवर एक पुरुषदैवत आहे व त्याच्या नांवाअखेर असुर आहे. हा सांचा कोलू पाटलाच्या आधींचा. तलाव झाल्यावर राखणदाराच्या मोकळ्या जागीं तलावाच्या कर्त्यालाच बसविण्यांत आलें, आणि जागेबरोबर जागेचें पदहि त्याला मिळालें. कोलू हें माणसाचें नांव, असुर हें हुद्द्याचें. बहिणींनीं साह्य केलें ही कथेंतील ओळहि मग सार्थ होते : ज्या देवतांच्या मुलुखांत पाणी अडवावयाचें त्यांची संमति घेतल्याशिवाय पाळ टिकत नाहीं, अशी बांधणाऱ्यांची श्रद्धा असणार. पाणलोटाचा तडाखा कोठें बसेल हें ज्यांना ठाऊक होतें त्यांना भीतीहि त्याच जागेची वाटत असणार, हें वेगळें सांगावयास नको.

काळाविषयीं फार लिहिण्यासारखें नाहीं. अठराव्या शतकाचा आरंभ ही परंपरेची मिति खरी मानली तर तलाव गोंड अमदानींतला ठरतो. देवगडच्या बख्त बुलंदानें बाहेरून शेतकरी व कारागीर आणून वसविल्याचें प्रसिद्ध आहे, व नागपूर शहराची स्थापना १७०२ ची. रघूजी भोसल्याचा अंमल नागपुरास पक्का झाला तो १७४३ सालीं. चांदा त्यानें १७५१ त घेतलें. म्हणून नवेगांवच्या तलावाचें श्रेय भोसल्यांच्या पदरांत टाकणारे लेखक वर्षांकडे पाहत नाहींत एवढेंच म्हणावें लागतें. चांद्याकडे तर जो तळें बांधील त्याला त्याखालील जमीन तुकूम म्हणून माफीनें द्यावी, अशी गोंड राजांची वहिवाट लूसी स्मिथ यांनीं १८६९ च्या अहवालांत नोंदविली आहे. चंद्रपुरांतील तुकूम नांवाच्या वस्तींत तो शब्द आजहि जिवंत आहे. राजानें तळें बांधिलें नाहीं. बांधणाऱ्याचा हक्क राजानें मानिला. या मुलुखांत इतकीं तळीं कां झालीं याचें उत्तर बरेंचसें त्या वहिवाटींत आहे.

तो हक्क पुढें ज्या ज्या रूपांतून गेला तीं रूपें कागदांवर उमटलेलीं आहेत. १८५४ मध्यें नागपूरचें राज्य खालसा झालें. त्यानंतरच्या पहिल्या सेटलमेंटांत पाटलांना मालगुजार म्हणून मालकी मिळाली, आणि तलावाचें पाणी कोणीं केव्हां घ्यावें, दुरुस्ती कोणीं करावी, मासे कोणाचे, हें वाजिब-उल-अर्जांत लिहिलें गेलें. मध्यप्रदेशाच्या १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तिचा अंमल ३१ मार्च १९५१ पासून झाला, व तळीं सरकारजमा झालीं. 'माजी मालगुजारी' हें लांबलचक नांव कचेरींतील लोकांनीं आंखडून त्यांना 'मामा तलाव' केलें. ज्या तळ्यांच्या कर्त्यांना लोकांनीं देव केलें त्यांना सरकारदरबारीं एवढें आप्तपद मिळालें, हेंहि कमी नव्हे. नवेगांवच्या परिसरांत १९७५ मध्यें राष्ट्रीय उद्यान झालें व २०१३ मध्यें नवेगांव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. वनाधिकारी म्हणून तेथें राहिलेल्या मारुति चितमपल्ली यांच्या 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकानें हें पाणी सबंध महाराष्ट्रांत पोंचविलें. परंतु पक्षी पाहण्यास येणारा प्रवासी आतां या जलाशयास निसर्गनिर्मित समजून परत जातो, ही गोष्ट आम्हीं त्या पाळीवरच अनेकदां ऐकिली आहे. पाळीवर उभा राहून पाळ न पाहणें, याला काय म्हणावें?

मालगुजारी गेली तेव्हां तिच्या कागदांना घरांत किंमत उरली नाहीं. ज्या सनदांवर व नकलांवर पूर्वीं खटले चालत, त्या माळ्यावर गेल्या, व माळ्यावरून कांहीं रद्दींत. आमची संग्राहकांस विनंति आहे कीं अर्जुनी मोरगांव, सडक अर्जुनी व साकोली या तालुक्यांतील जुन्या पाटील घराण्यांकडे मोडी दप्तरें पाहतांना केवळ भोसल्यांच्या शिक्क्याचा कागद शोधूं नये. पाणीवांटपाची याद, पाळीच्या दुरुस्तीच्या मजुरीचा हिशेब, ऊंसवाडीचा पट्टा, टेकडीवरील देवाच्या पूजेसाठीं दिलेल्या धानाची नोंद, असा कोणताहि कागद उचलावा. मोडींत ल आणि ळ हीं अक्षरें निराळीं आहेत. कोलू हें नांव १८५४ पूर्वींच्या एखाद्या मोडी कागदांत कोणत्या अक्षरानें लिहिलें आहे, आणि टेकडीवरील देवाचा उल्लेख कोलासुर असा आहे कीं नुसता असुर असा, एवढ्या दोन गोष्टी पाहिल्या म्हणजे वर मांडलेल्या अनुमानाचा निर्णय लागेल. तसा कागद ज्यांच्या दृष्टीस पडेल त्यांनीं त्यांतील शब्द अक्षरशः उतरवून, झाडीचे उच्चार न सुधारतां, त्रैमासिकाकडे पाठवावे.